गुरं हाकत शिकागोला जाणाऱ्या आमदाराच्या गावात चार दिवस

लेक आणि जावई अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन-नॉर्मलला राहतात, दोन गावं एकमेकाला चिकटलेली, स्टेट फार्म नावाची मोठी विमा कंपनी तिथलीच, त्यामुळं आयटीतली आपली पोरं भरपूर. किराणा दुकानात सुद्धा मराठी कानावर पडतं. मागच्या मार्चमध्ये आम्ही दोघं तिकडं गेलो. सगळे म्हणत होते शिकागो बघा, नायगारा बघा, ते बघितलंच, पण मला लिहायचंय ते चार दिवसांबद्दल जे आम्ही एका शेतकऱ्याच्या मागावर घालवले.

झालं असं की माझं जालन्यात बी-बियाणाचं दुकान, तीस वर्षं त्यातच गेली, आणि संकरित मक्याच्या जुन्या इतिहासात 'फंक' हे नाव मी कितीतरी वेळा वाचलेलं. पहिल्याच आठवड्यात जेवताना लेक सहज म्हणाली, "पप्पा, फंक्स ग्रोव्ह इथून वीस मिनिटांवर आहे, आम्ही तिथनं मेपल सिरप आणतो." माझा घास हातातच राहिला. मग रात्री वाचत बसलो तर कळलं की बियाणेवाला युजीन फंक हा नातू, आणि खरा माणूस त्याचा आजोबा, आयझॅक फंक. शेतकरी, गुरांचा व्यापारी, आणि राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेला.

दिवस पहिला: ब्लूमिंग्टनचं जुनं कोर्ट

गावाच्या मधोमध चौक आणि चौकात घुमट असलेली जुनी कोर्टाची इमारत, १९०३ची. आता तिथं मॅक्लेन काउंटीचं, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचं, इतिहास संग्रहालय आहे. बाहेर बोचरं वारं, ढगाळ, रात्री पडलेलं बर्फ कडेकडेनं काळं पडलेलं. आत उबदार. तिथं एक आजीबाई स्वयंसेवक म्हणून बसल्या होत्या, त्यांना सांगितलं की मी भारतातला बियाणेवाला, मला आयझॅक फंकबद्दल बघायचंय, तर त्या उठूनच आल्या आणि तासभर आमच्याबरोबर फिरल्या.

आयझॅकचा जन्म १७९७चा, केंटकीतला. तो लहान असतानाच घरचे ओहायोला गेले. शाळा नावालाच. १८२४ला तो आणि भाऊ ॲब्सलम इलिनॉयमध्ये आले आणि एका राईत लाकडाचं खोपट बांधून राहिले. तीच राई म्हणजे फंक्स ग्रोव्ह.

आता राईतच का, हे मला आजींनी समजावलं ते फार आवडलं. चहूकडं प्रेअरी, म्हणजे माणूस बुडेल एवढं उंच गवत, आणि मधेच एखादं झाडांचं बेट. सुरुवातीला आलेले सगळे त्या बेटांच्या कडेनं राहिले कारण घराला लाकूड, जळण, पाणी, वाऱ्याला आडोसा सगळं तिथंच. आणि उघड्या गवताळ जमिनीतली मुळं इतकी दाट की साध्या नांगराला ती तुटायची नाहीत. जॉन डिअरचा पोलादी नांगर आला १८३७ला, तोही इलिनॉयमध्येच. म्हणजे हे भाऊ आले तेव्हा डोळ्यासमोर जगातली एक नंबरची काळी जमीन आणि ती फोडायला अवजार नाही. मग त्यांनी काय केलं, गवतावर गुरं सोडली. सगळा पैसा त्यातनं उभा राहिला.

पद्धत ऐका. शेतात मका करायचा, तो गुरांना चारायचा, आणि गुरांच्या मागं डुकरं सोडायची. गुरांनी सांडलेले दाणे, शेणातनं न पचता आलेले दाणे डुकरं वेचून खायची. एका मक्यावर दोन जनावरं पोसली जायची. मग तयार गुरं चालवत शिकागोच्या बाजारात. रेल्वे ब्लूमिंग्टनला आली १८५३ला, त्याआधी सगळं पायी, सव्वादोनशे किलोमीटर. चरवत-चरवत न्यायचं म्हणजे रोजचे पंधरा-वीस किलोमीटर धरले तरी बारा-पंधरा दिवस.

हे ऐकताना मला माझा आजा आठवला. आजा आमच्या गावाकडनं बैलं घेऊन माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला पायी जायचा, नांदेडच्या पलीकडं, तेही दोनशेच्या वरच. जाताना चारा कुठं मिळंल, पाणी कुठं लागंल, कोणत्या गावात मुक्कामाला ओळख आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं. आजींना हे सांगितलं तर त्यांनी मला विचारलं की वाटेत बैलांचे खूर कसे सांभाळायचे. मी म्हणलं पत्र्या मारायच्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं!

एक गोष्ट मीच विचारली. ही जमीन आधी कोणाची होती? त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, किकापू लोकांची. त्यांचं मोठं गाव याच काउंटीत, लरॉयच्या बाजूला होतं, आणि १८१९च्या तहात त्यांच्याकडनं इथल्या जमिनी गेल्या. फंक भाऊ आले ते त्यानंतर पाचच वर्षांनी. सरकार ती जमीन एकरी सव्वा डॉलरला विकत होतं. हे माहीत असल्याशिवाय पुढचे आकडे ऐकू नयेत असं मला वाटतं, कारण आयझॅककडं शेवटी पंचवीस हजार एकर झाली. आमच्या गावाचं शिवार दोन हजार एकराचं, म्हणजे तसली बारा गावं एका माणसाची.

टीप: म्युझियम बघायला दोन तास ठेवा. लिंकन वकील म्हणून या गावच्या कोर्टात नेहमी यायचा, त्याचाही भाग छान आहे. जज डेव्हिड डेव्हिसचा १८७२चा वाडा जवळच आहे, तोही बघा, लिंकनला १८६०ला उमेदवारी मिळवून देण्यात या माणसाचा मोठा हात.

दिवस दुसरा: फंक्स ग्रोव्ह

हा दिवस मी जन्मात विसरणार नाही.

आय-५५ हायवेवर १५४ नंबरची एक्झिट घेतली की रूट ६६ नावाचा जुना हायवे लागतो आणि त्यावरच राई. पहाटे उणे चार होतं, आम्ही पोचलो तेव्हा ऊन पडून बर्फ पाघळायला लागलेलं, झाडांखाली नुसता चिखल आणि पाचोळा. जावईबापू म्हणाले हाच सिझन, रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं तरच मेपलचा रस वाहतो, एकदा झाडाला कळ्या फुटल्या की चव बिघडते आणि काम बंद. म्हणजे वर्षातले चार-सहा आठवडे फक्त.

मेपलचं खोड हाताच्या उंचीवर थोडं भोक पाडलेलं, त्यात बोटभर नळी ठोकलेली, आणि नळीच्या टोकाला थेंब. एक थेंब फुगतो, थरथरतो, पडतो, टप्प. मग लगेच दुसरा. मी घड्याळ लावून मोजलं, एका मिनिटात पन्नासच्या वर थेंब. नातवानं बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं केलं, "आजोबा हे तर पाणीच आहे." खरंच पाणीच, अगदी जिभेच्या शेवटाला किंचित गोडी. त्यात साखर असते शेकड्याला दोन-अडीच. आपल्या उसाच्या रसात त्याच्या सात-आठ पट. म्हणून तर चाळीस गॅलन रस आटवला तेव्हा एक गॅलन सिरप मिळतं.

आटवायच्या शेडमध्ये शिरलो आणि दोघंही एकदम थांबलो. ही म्हणाली, "अहो, गुऱ्हाळ!" तोच ओला गोड वास, तीच वाफ डोळ्यावर येणारी, तोच फेस काढायचा खटाटोप. फक्त आपल्या गोल काहिलीच्या जागी लांबट चौकोनी पत्र्याचं भांडं, आत कप्पे, एका बाजूनं पाण्यासारखा रस येतो आणि दुसऱ्या बाजूनं तांबूस होऊन निघतो. काम करणारी बाई डाव उचलून बघत होती, डावाच्या कडेवरनं सिरप थेंबाथेंबानं न पडता पडद्यासारखं एकत्र ओघळलं की झालं. आमच्याकडं काकवीची तार बघतात तसंच. हिनं त्या बाईला हातवारे करून सांगितलं की आम्ही दोन बोटांत धरून बघतो, त्या बाईनं लगेच थंड केलेला थेंब हिच्या बोटावर दिला. दोघी हसायला लागल्या, भाषेचं काही नडलं नाही.

इथं विक्रीसाठी सिरप करणं सुरू झालं १८९१ला. बाटलीवर 'सिरप'चं स्पेलिंग 'वाय'ऐवजी 'आय'नं लिहितात, वरून साखर न घातलेल्या शुद्ध मालाला तसंच लिहायचं हा हेझल फंक होम्स नावाच्या घरातल्या बाईंचा आग्रह, आणि ही राई तोडली जाऊ नये म्हणून जमीन ट्रस्टमध्ये त्यांनीच ठेवली. मला हे फार मोठं वाटलं. चारी बाजूंनी क्षितिजापर्यंत मका-सोयाबीनचं उघडं रान आणि मधे ही राई अजून उभी, कारण एका बाईनं कागद करून ठेवला.

टीप: फेब्रुवारीअखेर ते मार्च यायचं असेल तर गमबूट आणा, माझे चामडी बूट वाया गेले. माल संपला की संपला, उन्हाळ्याच्या शेवटी गेलात तर बाटली मिळेलच असं नाही. मधल्या रंगाची घ्या, भाकरीबरोबर तीच छान लागते.

दुपारी तिथंच पुढं चर्चला गेलो. लाकडाचं साधं पांढरं, १८६४च्या सुमाराचं. शेजारी झाडाखाली उघड्यावरचं चर्च आहे, बसायला आडवे ओंडके, पुढं ओंडक्याचंच व्यासपीठ. वर पानं नाहीत, नुसत्या फांद्या आणि निळं आकाश. आम्ही चौघं पंधरा मिनिटं काही न बोलता बसलो.

मग दफनभूमी. आयझॅक आणि त्याची बायको कॅसँड्रा दोघंही इथंच. दोघांचं लग्न १८२६चं, दहा लेकरं. तो गेला २९ जानेवारी १८६५ला आणि काही तासांत तीही गेली. एकाच दिवशी. ही त्या दगडापाशी बराच वेळ उभी राहिली, मग तिनं ओंजळभर वाळकी पानं बाजूला सारली आणि नमस्कार केला.

त्याच दफनभूमीत आणखी एक जागा आहे, ती चुकवू नका. १८५०च्या दशकात शिकागो-अल्टन रेल्वेचा रूळ टाकताना मेलेले पन्नासच्या वर आयरिश मजूर एकाच खड्ड्यात पुरलेत. नावं नाहीत. उपासमारीतनं पळून आलेली माणसं होती ती. पुष्कळ नंतर त्यांच्यासाठी दगड उभा केलाय. ज्या रुळामुळं फंकची गुरं पायी न्यायची गरज संपली तो रूळ यांनी टाकला. ऊसतोडीला गेलेल्या आमच्या भागातल्या माणसांची आठवण आली, मी तिथं फोटो काढला नाही.

दिवस तिसरा: स्प्रिंगफील्ड

सकाळच्या रेल्वेनं राजधानीला, सव्वा तासाचा प्रवास. मजा म्हणजे ही गाडी त्याच जुन्या शिकागो-अल्टन मार्गानं जाते, काल बघितलेली राई खिडकीतनं सर्रकन गेली. मधे लिंकन नावाचं गाव लागतं. लिंकन राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी, १८५३ला, त्याच्या नावानं वसवलेलं, आणि त्यानं स्वतः कलिंगडाचा रस शिंपडून त्या गावाचं बारसं केलं.

स्प्रिंगफील्डचं जुनं विधानभवन स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. पिवळसर दगडाचं, खांबांचं. १९६०च्या दशकात अख्खी इमारत दगड-दगड सुटा करून खाली पार्किंग करून परत तशीच बांधली म्हणे. वरच्या मजल्यावर एका बाजूला खालच्या सभागृहाची मोठी खोली, लिंकननं १८५८ला "घर दुभंगलं तर टिकत नाही" या अर्थाचं भाषण केलं ती. सगळे तिथं फोटो काढतात. आम्ही समोरच्या लहान खोलीत गेलो, सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या. त्या काळी सिनेटचे सभासद फक्त पंचवीस. छोटी लाकडी मेजं, मेणबत्त्या, दौती.

इथं घडलेली गोष्ट सांगतो. आयझॅक १८४०ला तेव्हाच्या व्हिग पक्षाकडनं खालच्या सभागृहात निवडून आला होता, नंतर वीसेक वर्षं गुरं आणि जमीन. १८६२ला पुन्हा विधिमंडळात, या वेळी सिनेटवर, आता लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाकडनं. गुलामगिरीवरनं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध चालू. १८६३च्या जानेवारीत लिंकननं गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला आणि इलिनॉयमध्ये, लिंकनच्या स्वतःच्या राज्यात, विधिमंडळात विरोधकांचं बहुमत. युद्ध थांबवा, तह करा असे ठराव यायला लागले, सैन्यासाठीच्या कामात अडवणूक. वकील मंडळी तास-तास बोलत होती आणि हा पासष्ट वर्षांचा शेतकरी गप्प बसून ऐकत होता.

फेब्रुवारीत एक दिवस तो उठला. म्हणाला, हा पोरखेळ मला आता बसून बघवत नाही. यांच्या डोक्याला गाढवाचे कान शोभतील, नाहीतर हे मनातनं देशद्रोही आहेत. मी या राज्यात गरीब पोरगा म्हणून आलो, चार पैसे मिळवले, वर्षाला तीन हजार डॉलर कर भरतो, सहा हजार भरीन, बारा हजार भरीन, आणि असं म्हणून मेजावर मूठ अशी आपटली की दौत हवेत उडाली. सगळी मालमत्ता देईन आणि जीवही देईन पण देश या लोकांच्या हाती जाऊ देणार नाही. आणि ज्याला माझं बोलणं झोंबलं असेल त्यानं समोर यावं, टाचणीच्या टोकापासून तोफेच्या तोंडापर्यंत वाटेल त्या हत्यारानं मी तयार आहे.

ते भाषण छापून गावोगाव आणि सैन्याच्या छावण्यांत वाटलं गेलं. शिकलेल्यांच्या घोळदार भाषणांपुढं सैनिकांना हे पटकन समजलं असणार, कारण त्यांच्यातले कितीतरी शेतावरनंच गेलेले.

मी त्या छोट्या मेजांवरच्या दौतीकडं बघत राहिलो. माझे वडील पंचायत समितीचे सदस्य होते, एकच टर्म, चौथी पास. १९७२च्या दुष्काळात आमच्या गटातली खडी फोडायची कामं बंद पडणार म्हणून मीटिंगमध्ये ते उठले आणि बोलता-बोलता टेबलावर हात आपटला, साहेबांच्या चहाचा कप खाली पडला, हे गावात अजून सांगतात. काम बंद पडलं नाही. मला हे वडिलांनी कधीच सांगितलं नव्हतं, त्यांच्या दहाव्याला एका म्हाताऱ्या मजूरणीनं सांगितलं. लेकीला मी ते पहिल्यांदा त्या खोलीत सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

जेवायला इथला हॉर्सशू खाल्ला. जाड पाव, त्यावर मांस नाहीतर भाज्या, त्यावर फ्रेंच फ्राइजचा डोंगर आणि वरनं चीजचा रस्सा. आम्ही भाज्यांचा घेतला, एकात तिघं जेवलो. येताना गाडी दोन तास लेट, घरी पोचायला अकरा वाजले. लहान पोरं असतील तर कारनं जा, तासाभराचाच रस्ता आहे. आणि लिंकनचं घर बघायचं असेल तर तिकीट फुकट असतं पण वेळ ठरलेली मिळते, आधी तिथं जाऊन वेळ घ्या, मग बाकीचं फिरा.

दिवस चौथा: शर्ली, मका आणि पाण्याची नळी

आयझॅकच्या लेकरांनी जमीन वाटून घेतली आणि राजकारणही पुढं नेलं. बेंजामिन वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या संसदेत गेला, लफाएत राज्याच्या सिनेटमध्ये. लफाएतचं घर शर्लीजवळ आहे, फंक प्रेअरी होम. आम्ही फोन न करता गेलो, त्यामुळं बाहेरूनच बघितलं, चूक आमचीच. आधी विचारून जायला हवं होतं.

लफाएतचा मुलगा तो युजीन, ज्याच्या नावानं मी इथवर आलो. १९०१ला त्यानं आणि भावकीनं मिळून फंक ब्रदर्स सीड कंपनी काढली आणि पुढं संकरित मका आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांत ती होती. गुरांना चारायला आजोबानं लावलेला मका, नातवानं त्याचं बियाणं केलं. मक्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींचे तुरे उपटायचे असतात, तुरे राहिले तर प्लॉट गेला, आणि ते काम इथं उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची पोरं करायची. मी तरुणपणी बदनापूरच्या बाजूला हेच काम करून घेतलंय, पहाटे दव असताना, पानांनी हात कापत.

घराच्या पुढं रस्त्याकडेला एक म्हातारे शेतकरी पिकअप थांबवून चर बघत होते. आम्ही थांबलो, मी बियाणेवाला म्हणल्यावर ते खुलले. त्यांनी बुटानं ढेकूळ फोडून माझ्या हातात दिलं. काळीभोर माती, आमच्यासारखीच काळी पण चिकट नाही, चुरगाळली की लोण्यासारखी मऊ. ड्रमर म्हणतात हिला, इलिनॉयची राज्य-माती. मी विचारलं, मग आयझॅकनं यात एवढी गुरंच का चारली, पीक का नाही घेतलं सगळ्यात? ते म्हणाले, पाण्यामुळं. ही सगळी दलदल होती. पुढच्या पिढ्यांनी जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरल्या, मैलोन् मैल, तेव्हा कुठं ही जमीन नांगराखाली आली. आम्ही मराठवाड्यातले, पाणी अडवायला जन्म घालवलेले, आणि इथं पाणी काढून दिलं तेव्हा शेती झाली.

मग त्यांनी नातवाला हाताला धरून चराच्या काठावर नेलं आणि गवत बाजूला केलं. तिथं मातीची तांबडी नळी, कडेला टवका उडालेली, आणि तिच्यातनं करंगळीएवढी धार पडत होती, बर्फ वितळल्याचं पाणी. त्यांच्या पणजोबानं पुरलेली. नातवानं विचारलं ही बंद कधी होते, ते म्हणाले ऑगस्टमध्ये, आणि मग परत चालू होते. नातू बूट काढायला लागला, लेक ओरडली, तोवर त्याचा एक पाय धारेखाली गेलेला.